टेबलटॉप खेळांच्या जगातल्या कादंबऱ्या खेळ न खेळता वाचता येतात का? मी नांदेडला असतो, इथे असे खेळ खेळणारं कुणी नाही. सुरुवात कुठून करू?

बिनधास्त वाचा. टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या या खेळांचे नियम माहीत नसले तरी काही अडत नाही.

फँटसी हवी असेल तर ड्रॅगनलान्स घ्या. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ चा, आणि त्यातल्या या जगावर मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन १९८४ पासून लिहितायत. २०२२ मध्ये त्यांनी नवी त्रयी सुरू केली. पण तिची नायिका काळात मागे जाऊन जुन्याच पात्रांना भेटते, म्हणून आधी १९८४ ची त्रयी वाचा. विज्ञानकथेसाठी वॉरहॅमर ४०,००० या खेळाच्या जगातल्या कादंबऱ्या. पुस्तकांचा डोंगर आहे, घाबरू नका. डॅन ॲबनेटची आयझेनहॉर्न मालिका धरा: तपास करणारा अधिकारी स्वतःच गोष्ट सांगतो, त्यामुळे ते अवाढव्य जग हळूहळू उलगडतं.

फसलेलं पुस्तक लगेच कळतं. मारामारीत आधी याचा वार, मग त्याचा वार असं चालू झालं की मागे फासे पडल्याचा आवाज येतो. चांगला लेखक तिथे पात्राची भीती लिहितो.

आणि खेळायला कुणी नाही म्हणता, तर दोन-तीन मित्र जमवून दौलताबादला जा. खंदक ओलांडला की अंधारी लागते: वळणावळणाचं काळोखं भुयार, आणि शत्रूला गुदमरवायला धूर सोडायची सोय. इतकं तयार डंजन, म्हणजे अशा खेळांतलं धोक्याचं भुयार, आपल्या मराठवाड्यात असताना त्यावर मराठीत कादंबरी यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही लिहिलीत तर पहिला वाचक मी.