पालिकेचे रुग्णालय नेमके कोणाचे?

प्रश्न : सासऱ्यांच्या उपचारासाठी महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात तीन दिवस खेपा घातल्या. रांगेतले निम्मे रुग्ण मुंबईबाहेरचे वाटले. आमच्या करांवर चालणाऱ्या रुग्णालयात बाहेरच्यांना वेगळा आकार का लावू नये?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपला वैताग रास्त आहे, उपाय मात्र पटत नाही. ‘बाहेरचा’ ठरवायचा कशावरून? आधार कार्डावरच्या पत्त्यावरून ठरवले, तर वीस वर्षे शिवडीत हमाली करूनही आधारवर गावचाच पत्ता ठेवणारा माणूस बाहेरचा ठरेल आणि रोज नालासोपाऱ्याहून येऊन मुंबईतल्या कचेऱ्या झाडणारी बाईही.

शिवाय ही रुग्णालये केवळ करांतून उभी राहिलेली नाहीत. परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयाला देणगी मिळाली, ती तेथील अध्यापक भारतीयच असावेत या अटीवर; महाविद्यालय आणि रुग्णालय 1925-26 मध्ये सुरू झाले. नायर रुग्णालयाचे महाविद्यालय 1921 मध्ये असहकाराच्या वातावरणात निघाले आणि ही संस्था 1946 मध्ये पालिकेकडे आली. शीवचे रुग्णालय 1947 मध्ये लष्करी बराकींत अवघ्या 50 खाटांवर सुरू झाले. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी (इतर मातांनी दिलेले दूध गरजू बाळांसाठी साठवणारी सोय) 1989 मध्ये तेथेच निघाली, कारण धारावीसारख्या वस्तीतून येणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा प्रश्न तेथील डॉक्टरांसमोर रोज उभा होता. ज्या गर्दीने आपण त्रासलात, तिच्यातच डॉक्टरांचा हात तयार होतो, हे (रांगेत उभ्या माणसाला सांगणे अवघड असले तरी) खरे आहे.

गर्दीचे मूळ मला खालच्या पायऱ्यांवर दिसते. दवाखाना, प्रसूतिगृह, राजावाडी किंवा भाभा यांच्यासारखे उपनगरी रुग्णालय आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, अशी ही उतरंड आहे. पण मधल्या पायरीवर रात्री तज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभागात खाट मिळाली नाही, की रुग्ण थेट परळ किंवा शीव गाठतो, आणि पुढच्या वेळी मधली पायरी स्वतःहूनच टाळतो. पैसा आणि माणसे तेथे हवीत.

प्रश्न : केस पेपर स्वस्त, पण औषधांची चिठ्ठी बाहेरची. अशा वेळी काय करावे?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : चिठ्ठी घेऊन लगेच औषधाच्या दुकानात जाऊ नये. आधी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे; गरजू रुग्णांसाठीचा निधी आणि धर्मादाय संस्थांची मदत मिळवण्याची वाट त्यांच्याकडूनच जाते. शस्त्रक्रिया ठरली असल्यास रुग्ण दाखल होतानाच राज्य शासनाच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातच बसणाऱ्या मदतनिसाकडे) रेशनकार्ड आणि आधार कार्ड दाखवावे. एकदा बिले भरून झाल्यावर पैसे परत मिळवणे फार कठीण जाते. जे.जे. रुग्णालय पालिकेचे नसून राज्य शासनाचे आहे, तेव्हा तेथील तक्रार पालिकेकडे पाठवू नये. ही चूक अनेक पत्रांत दिसते.