'औद्योगिक रॉक' म्हणावं का?

परळहून एका वाचकाने विचारलंय: "कॉलेजच्या वार्षिकासाठी 'नाइन इंच नेल्स' या बँडवर लेख दिला. संपादकबाईंनी 'इंडस्ट्रियल रॉक'चं 'औद्योगिक रॉक' केलं आणि 'डिस्टॉर्टेड गिटार'ची 'विकृत गिटार'. हे बरोबर आहे का?"

पहिल्या बदलाला चूक म्हणवत नाही. उद्योग म्हणजे मुळात खटपट, मेहनत. 'उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी' या म्हणीत धुराडं कुठेच नाही. इंग्रजीतल्या 'इंडस्ट्री'लाही कारखान्याचा अर्थ मागाहून चिकटला, आधी तीही मेहनतच होती. तेव्हा भाषांतर चोख आहे. अडतं ते वासापाशी. 'औद्योगिक' म्हटलं की एमआयडीसीचा प्लॉट नाहीतर आयटीआयचा प्रवेशअर्ज डोळ्यांपुढे येतो. (आपल्याकडे 'नसते उद्योग'ही असतात. तो अर्थ या बँडवाल्यांना बहुधा आवडला असता.)

हे नाव आलं लंडनहून. 'थ्रॉबिंग ग्रिसल' या मंडळींनी १९७६ साली स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तिचं नाव 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स', आणि स्टुडिओला म्हणायचे 'डेथ फॅक्टरी'. त्यांचा भर टेप, सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) आणि गोंगाटावर. त्यात जड, फाटक्या गिटारी घालून त्याचं रॉक केलं ते पुढे 'मिनिस्ट्री', 'नाइन इंच नेल्स' वगैरेंनी.

मग 'कारखानी रॉक' म्हणावं? शब्द रुबाबदार आहे. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत नगारखानाही मोजत, म्हणजे वाजवण्याचं खातं कारखान्यातच होतं! पण आज 'कारखाना' म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला ऊस आठवतो. 'गिरणी रॉक' मला स्वतःला आवडतं, पण लालबाग-परळ ओलांडलं की गिरणी पिठाची होते.

इथे घरचा एक किस्सा सांगतो. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. तिथल्या खडखडाटात बोलणं ऐकू यायचं नाही, सगळा कारभार खुणांनी चालायचा, आणि एका कानाने त्यांना शेवटपर्यंत कमीच ऐकू आलं. एकदा मी त्यांच्या चांगल्या कानाला हेडफोन लावून असलं एक गाणं ऐकवलं. डोळे मिटून मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "साचे बरे चाललेत, पण एकाचा धोटा अडकतोय बघ." (धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो.) गाण्यात एक ठोका मुद्दाम मागे ठेवलेला होता. मला तो तोवर जाणवलाही नव्हता.

आता 'विकृत'. हे मात्र खोडाच. विकृत असतो तो बातमीतला आरोपी. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात 'विरूपण' मिळेल, पण ते कुणी बोलत नाही. आपल्याकडे याला तयार शब्द आहे: फाटणे. मंडपात स्पीकरचा आवाज वाढवला की कोणीतरी ओरडतंच, "फाटतोय रे, कमी कर!" होतं ते हेच. अँप्लिफायरला झेपेल त्याहून जास्त आवाज दिला की लहरीचे माथे सपाट छाटले जातात आणि सूर खरखरीत होतो. मंडपात तो दोष, या संगीतात तीच करामत. गिटारवाला त्यासाठी पायाशी पेडल ठेवतो आणि फाटलेला आवाज पुन्हा सिंथच्या फिल्टरमधून काढतो. लालबागच्या बँजो पार्टीतला बँजो (जातीने तो बुलबुलतरंग) पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) लावून कर्ण्यातून निघतो तेव्हा कसा करवततो, आठवा. शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. घटक फारसे वेगळे नाहीत.

'सिंथेसायझर'ला 'संश्लेषक' करू नका, प्रकाशसंश्लेषणाचा धडा सुरू होईल. वाजवणारी मुलं 'सिंथ' म्हणतात, तेच लिहा.

संगीतप्रकाराचं नाव विशेषनामासारखंच असतं. 'जॅझ'चं आपण काही केलं नाही, तसं 'इंडस्ट्रियल रॉक'ही राहू द्या. मराठी खर्च करायची ती वर्णनात. खडखडाट, घरघर, घणघण, करकर, खणखणाट यांतला प्रत्येक आवाज वेगळ्या यंत्राचा आहे आणि असले शब्द आपल्याकडे पोत्याने आहेत. बाईंना असं वाक्य देऊन पाहा: 'खाली सिंथची एकसुरी घरघर, वर फाटलेल्या गिटारीची करवत आणि मधे साच्यासारखा खडखडणारा ठेका.' 'साचा' म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तर माग म्हणून सांगा.