टूरच्या पैशातला विमा, न विचारलेला बीपी आणि नाकारलेला क्लेम

प्रश्न : आई-वडील (वडिलांचे वय 67) टूर कंपनीबरोबर युरोपला गेले होते. दोघांचे मिळून 5 लाख 80 हजार रुपये भरले, त्यातच प्रवास विमा होता. व्हिएन्नात वडिलांच्या छातीत दुखू लागलं, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. सुमारे 16,000 युरोचं बिल आम्हीच भरलं. ‘रक्तदाबाची गोळी चालू होती, ती प्रपोझल फॉर्ममध्ये लपवली’ असं कारण देऊन विमा कंपनीने क्लेम नाकारला. वडील म्हणतात, विमा घेताना भरायचा असा फॉर्म आपण पाहिलाच नाही. टूर कंपनी म्हणते, विम्याशी आमचा संबंध नाही. पत्र येऊन दहा महिने झाले. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वडिलांना बीपी होता की नव्हता, यावर कंपनीशी वाद घालू नका. गोळी चालू होती, हे सरळ मान्य करा. वाद घालायचा तो यावर, की आजाराचा प्रश्न त्यांना कोणी विचारला, केव्हा विचारला आणि कोणत्या कागदावर विचारला. लपवलं म्हणायचं तर आधी विचारलेलं असावं लागतं.

म्हणून आजच विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, आणि तेच पत्र स्पीड पोस्टनेही पाठवा. त्यात प्रपोझल फॉर्मची पूर्ण प्रत मागा. फॉर्म ऑनलाइन भरला असेल तर तो कोणत्या तारखेला, किती वाजता भरला आणि ओटीपी कोणत्या मोबाइलवर गेला, याची नोंद मागा. शिवाय पॉलिसीच्या संपूर्ण अटी आणि ग्राहक माहिती पत्रक (पॉलिसीचा सोप्या भाषेतला गोषवारा) हेही मागा. 1 जानेवारी 2024 पासून हे पत्रक देणं बंधनकारक आहे.

फॉर्म हातात आला की नीट निरखा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार या रकान्यांपुढे ओळीने ‘नाही’वर खुणा असतील, तर आईचा आणि वडिलांचा फॉर्म शेजारी ठेवून पाहा. दोन्हींवर एकाच हाताच्या, एकाच पेनच्या खुणा असतील किंवा ओटीपी टूर कंपनीच्या माणसाच्या फोनवर गेला असेल, तर तुमचं निम्मं काम झालं. फॉर्म दुसऱ्याने भरला असेल तर मजकूर समजावून सांगितला आणि तो समजला, असं वेगळं निवेदन असावं लागतं. विमा नियामकाच्या नियमांत ही तरतूद बरीच जुनी आहे. सही मात्र वडिलांचीच असेल आणि वर हे निवेदनही असेल, तर केस अवघड आहे. वाचल्याशिवाय सही केली, हा बचाव सहसा चालत नाही.

आता अटींकडे वळू. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. व्हिसाच्या फाइलला लावलेल्या प्रमाणपत्रावर हाच आकडा ठळक असतो आणि बहुतेकांच्या हाती तेवढंच पान येतं. पूर्वीचा आजार वगळल्याची किंवा ज्येष्ठांच्या खर्चावर मर्यादा घातल्याची अट मुख्य पॉलिसीत असते, आणि ती कोणी दाखवत नाही. इथे भारत वॉच कंपनी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स (2019) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी पडतो : वगळणुकीची अट ग्राहकाला कळवलीच नसेल, तर कंपनीला तिचा आधार घेता येत नाही. परदेशी प्रवासाच्या मेडिक्लेमबद्दल 6 डिसेंबर 2021 चा, युनायटेड इंडिया कंपनीविरुद्धचा निकालही जोडा. त्या प्रकरणात मधुमेही प्रवाशाला अमेरिकेत उतरताच हृदयविकाराचा झटका आला. त्याने कोलेस्टेरॉलची गोळी लपवली, हे कंपनीचं कारण न्यायालयाने फेटाळलं. पण त्या माणसाने मधुमेह फॉर्ममध्ये सांगितला होता. तुमच्या प्रकरणात फॉर्ममध्ये काहीच सांगितलेलं नाही, हा फरक समोरचा वकील दाखवणारच. म्हणून ‘विचारलंच नाही’ हा मुद्दा आधी पक्का करा.

टूर कंपनीला मोकळं सोडू नका. परवाना किंवा नोंदणी नसलेल्याला विमा विकता येत नाही. पॉलिसी ग्रुपची, म्हणजे सगळ्या प्रवाशांची मिळून एकच असेल तर प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र प्रमाणपत्र मिळायला हवं, आणि प्रत्यक्ष प्रीमियमपेक्षा जास्त रक्कम प्रवाशाकडून घेता येत नाही. प्रमाणपत्रावरचा प्रीमियम आणि टूरच्या बिलातली विम्याची रक्कम ताडून पाहा. बिलात वेगळी रक्कम दिसत नसेल तर लेखी तपशील मागा.

दाद कुठे मागायची, हे आता लवकर ठरवा. विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी) फी नाही, वकीलही चालत नाही आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं, आणि लोकपालांकडे जायची मुदत एक वर्षाची आहे. सुरक्षित राहायचं तर हे वर्ष क्लेम नाकारल्याच्या पत्रापासून मोजा. तुमचे दोनच महिने उरलेत, त्यातला एक थांबण्यात जाणार.

तरीही तुमच्यासाठी मला जिल्हा ग्राहक आयोगच योग्य वाटतो, कारण तिथे विमा कंपनी आणि टूर कंपनी दोघांनाही एकाच तक्रारीत विरुद्ध पक्ष करता येतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नाशिकला तक्रार चालते. क्लेमची नव्हे, तुम्ही भरलेल्या पैशांची रक्कम धरून कोणत्या आयोगाकडे जायचं, ते ठरतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि 5 ते 10 लाखांच्या टप्प्यात फी फक्त 200 रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, पण कंपनीशी ईमेलची देवाणघेवाण करत राहिल्याने ती वाढत नाही. अनेकांची केस नेमकी तिथेच बुडते. एकच प्रकरण आयोगात चालू ठेवून लोकपालांकडेही नेता येत नाही.

रुग्णालयाची कागदपत्रं जर्मन असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा. टूर कंपनीच्या माणसाशी झालेल्या व्हॉट्सॲप संभाषणाच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक नोंद खरी असल्याचं) लावा. ते संभाषण मात्र फोनमधून पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा. तक्रार वडिलांच्या नावाने करा, तुमच्या नाही. तुम्ही त्यांचं अधिकारपत्र घेऊन हजर राहू शकता.