हातात नोकरी नसताना पोर्तुगालच्या अल्गार्वला जावं का?

तुम्ही नागपूरचे, हॉटेल मॅनेजमेंट केलेले, पुण्यात तीन वर्षं किचनमध्ये काढलेले. टुरिस्ट व्हिसावर अल्गार्वला, म्हणजे पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर जायचं आणि ऐन उन्हाळ्यात दारोदार फिरून नोकरी शोधायची, असं तुम्ही विचारताय. मित्र म्हणतो की किनाऱ्यावर हॉटेलंच हॉटेलं आहेत, कुठेही चिकटता येतं. घरचे म्हणतात, ‘तिकडे जाऊन भांडीच घासशील.’ मित्राचं उत्तर थोडक्यात देते. घरच्यांच्या वाक्याला वेळ लागेल, कारण ते मीही ऐकलंय.

टुरिस्ट व्हिसावर जाऊ नका. पूर्वी लोक तसे जात, काम धरत, सोशल सिक्युरिटीचे हप्ते भरत आणि तिथे बसूनच रहिवासाचा अर्ज टाकत. जून 2024 पासून ते बंद झालं. त्याच वर्षी सरकारने स्वतःच सांगितलं की सुमारे 4 लाख अर्ज पडून आहेत. तुमच्या मित्राने ज्यांच्या गोष्टी ऐकल्या ते बहुतेक त्या आधीचे लोक. 2022 मध्ये नोकरी शोधण्यासाठीचा वेगळा व्हिसा निघाला होता, तोही ऑक्टोबर 2025 च्या कायद्याने उच्च कौशल्याच्या कामांपुरता उरला. कॉमी (किचनमधला कनिष्ठ कुक) म्हणून जाणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. उरला सरळ रस्ता : तिथल्या मालकाने करार पाठवायचा आणि तो जोडून इथून कामाचा व्हिसा काढायचा. मी 2022 मध्ये अशीच गेले. हंगामी कामाचाही एक व्हिसा असतो, पण त्यावर वर्षात फार तर नऊ महिने. मुदत संपली की परत.

आणि शोधायचं ते जुलैत नाही. अल्गार्वचा हंगाम ईस्टरच्या सुमाराला सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेर संपतो. हॉटेलं माणसं ठरवतात जानेवारी ते मार्चमध्ये. जुलैत शेफला मान वर करायला फुरसत नसते, तो तुमचा बायोडाटा कधी वाचणार? मित्र बहुधा उन्हाळ्यात आल्बुफैरा हे तिथलं पर्यटकांचं गाव बघून आला असेल. त्याने नोव्हेंबरात त्याच रस्त्यांवरून चालावं. किनाऱ्यालगतची निम्मी शटरं ओढलेली असतात.

आता घरच्यांचं वाक्य.

मी वेंगुर्ल्याची. माझी आजी बाजारात मासे विकायला बसायची. मोठे काका शिकले, मुंबईला बँकेत लागले आणि तेव्हापासून घरात एक अलिखित नियम झाला : मासळीला हात लावायचं काम आता आपल्या घरात कोणी करायचं नाही. खायची मात्र रोज. मी हॉटेलच्या किचनमध्ये शिरले तेव्हाच त्यांना ते खुपलं. गोव्यात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मी काही वर्षं काम केलं. नेमणुकीचं पत्र कधी मिळालं नाही, पीएफ नाही, सीझनमध्ये बारा-बारा तास, आणि पावसाळा लागला की ‘बघू, बोलावतो’. काका त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. ते हॉटेल होतं ना, गणवेश होता, डोक्यावर टोपी होती!

अल्गार्वमधल्या एका मोठ्या हॉटेलने करार पाठवला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. पहिला उन्हाळा बरा गेला. ऑक्टोबरच्या शेवटी आम्हाला सांगितलं की करार इथवरच, मार्चमध्ये फोन करू. त्यात त्यांनी फसवलं असं नाही, कागदावर तारीख होती. मात्र त्याच सुमाराला घराचाही प्रश्न आला. चौघींनी मिळून घेतलेलं घर मालकाला पुढच्या जूनपासून पर्यटकांना आठवड्याच्या भाड्याने द्यायचं होतं. म्हणजे हिवाळाभर राहा आणि मेअखेर निघा. तिथे हे सर्रास चालतं. ऑक्टोबर ते मे अशी मुदत घातलेल्या भाड्याच्या जाहिराती तुम्हालाही दिसतील, त्या नीट वाचा.

माझ्याबरोबरच्या दोघी लिस्बनला गेल्या. मी लोकल गाडी पकडून पूर्वेला ओल्यांवला गेले. अल्गार्वमधून किनाऱ्याकिनाऱ्याने एक रेल्वे जाते, लागुशपासून पार स्पेनच्या सीमेवरच्या गावापर्यंत. ओल्यांव हे कोळ्यांचं गाव. पाण्याच्या काठावर लाल विटांचे दोन बाजार आहेत, गोल घुमटांच्या बुरुजांचे. एकात भाजीपाला, एकात मासळी. समोर रिया फोर्मोझाची खाडी, आणि तिच्या गाळात तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, शेती. मी त्या मासळीच्या बाजारात शिरले आणि ओट्यावर तारली, बांगडे, माकूल (स्क्विड), तिसऱ्या ओळीने मांडलेल्या दिसल्या. पलीकडच्या बायका गिऱ्हाइकाशी ज्या आवाजात बोलत होत्या तो आवाज मला नवा नव्हता. किनाऱ्यावरची हॉटेलं मिटली तरी हा बाजार चालू होता, कारण गावाला जेवायचं होतं. मी मनाशी म्हटलं, काम असेल तर इथे.

बाजारामागच्या गल्लीत एक छोटी खाणावळ होती. दुपारी बोटीवरची माणसं, दुकानदार, नगरपालिकेतले कारकून जेवायला येत. मालकीण साठीच्या पुढची. मी माझ्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारलं, किचनमध्ये माणूस हवंय का? तिने माझ्याकडे पाहिलं, माकुलांनी भरलेलं घमेलं पुढे सरकवलं आणि सुरी दिली. बस. मुलाखत तीच. माझं सगळं शिक्षण आदोळीवर, म्हणजे विळीवर, झालेलं, सुरीची सवय हॉटेलात लागलेली. शाईची पिशवी न फोडता मी एकेक माकूल साफ करत गेले. शाई तिकडे वेगळी ठेवतात, भातात घालायला, हे मला ठाऊक होतं म्हणून पिशव्या एका वाटीत काढल्या. तिने वाटी बघितली आणि विचारलं, उद्या किती वाजता येशील?

पगार होता कायद्याने ठरलेला किमान, त्या वर्षी महिना 705 युरो, जानेवारीपासून 760. (2025 साठी तो 870 होता, 2026 साठी 920.) पण करार लेखी. आठवड्याला 40 तास. वर्षाला 22 दिवस भरपगारी रजा. पगार बाराऐवजी चौदा, कारण सुट्टीचा एक आणि नाताळचा एक वेगळा द्यावाच लागतो. माझ्या पगारातून 11 टक्के सोशल सिक्युरिटीला जात आणि मालकीण वर स्वतःचे पावणेचोवीस टक्के भरत होती. छोटीशी खाणावळ, आठ-दहा टेबलं, तरीही. त्या हिवाळ्यात मी तिच्याकडून शिंपले धण्याच्या हिरव्या पानांत आणि लसणात कसे उघडायचे ते शिकले. हो, कोथिंबीरच, तिथे भरपूर वापरतात. आणि तिसऱ्या समुद्राच्या पाण्यात ठेवून वाळू ओकायला लावायच्या हे मी तिला शिकवायची गरज नव्हती, तिला माझ्याहून चांगलं येत होतं.

घरी फोनवर हे सांगितलं. काका म्हणाले, “शेवटी मासेच कापायला गेलीस ना? ते वेंगुर्ल्यात बसूनही झालं असतं.”

त्या दिवशी मी फोन ठेवला. उत्तर आज इथे देते, आणि तुम्हीही घरी दाखवा. वेंगुर्ल्यात बसून ते झालं नसतं. आजी आयुष्यभर बसली. तिला रजा नव्हती, आजारी पडली की त्या दिवसाची कमाई गेली, म्हातारपणी पेन्शन नव्हती. काम वाईट नव्हतं, कामाला कोणी कागद दिला नव्हता. बँकेतल्या नोकरीला काकांनी मान दिला तो टेबलखुर्चीसाठी असं ते समजतात. खरं तर ती नोकरी चांगली होती ती पेन्शन, रजा आणि पहिल्या तारखेचा पगार यांच्यामुळे. त्या तिन्ही गोष्टी मला माशांच्या कामात मिळाल्या. मग खाली मान कोणी घालायची, आणि का?

भांडी घासण्याचंही तेच. तिथे हॉटेलात त्या विभागाला कोपा म्हणतात आणि बरेच जण तिथूनच सुरू करतात. तिथे कोणी त्याला लाजत नाही. माझ्याबरोबर कोपात असलेला एक नेपाळी मुलगा दुसऱ्या हंगामात ग्रिलवर होता, कारण त्याने तोवर पोर्तुगीज शिकून घेतली होती. इंग्लिशवर हॉटेलात भागतं, पण हॉटेलच हिवाळ्यात बंद होतं. बारमाही काम गावात आहे आणि गाव पोर्तुगीज बोलतं. तुम्ही सर्टिफिकेटांवर पैसे घालायच्या आधी भाषेवर घाला, हे माझं ठाम मत आहे.

हिशेबाची एक गोष्ट मात्र आधीच करून ठेवा. बेकारी भत्त्यासाठी मागच्या 24 महिन्यांत 360 दिवसांचे हप्ते भरलेले लागतात. सात महिन्यांच्या एका हंगामात ते होत नाहीत. 180 दिवसांवर मिळणारा एक कमी भत्ता आहे, तो घरातली मिळकत बघून देतात. म्हणून पहिल्या हिवाळ्यासाठी गाठीला पैसे हवेतच. उन्हाळ्यात हातात येणारे टिप्सचे पैसे तेव्हाच उडवले तर डिसेंबरात भाडं कुठून देणार?

एजंटबद्दल : मी स्वतः एजंटकडून गेले नाही, पण गावातली दोन मुलं लाखो रुपये देऊन बसली आहेत. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटला भारतात 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. त्याहून जास्त मागितले की उठून या.

आता काही गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्यात असं कोणी म्हणेल. ‘वर्षभर ऊन असतं, गरम कपडे नेऊ नका’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. डिसेंबर-जानेवारीत बाहेर ऊन आणि घरात गारठा, अशी तिथली घरं. हीटिंग बहुतेक ठिकाणी नसतं, भिंतींना ओल येते. समुद्र अटलांटिक आहे, आपल्यासारखं कोमट पाणी नाही. सामिष स्वयंपाकाला हात लावायचा नसेल तर हे सगळं विसरा. आणि तुमचा जीव ऑफिसच्या कामात असेल तर लिस्बन-पोर्तो बघा. अल्गार्वमध्ये पर्यटन, बांधकाम, शेती आणि मासळी, त्यापलीकडे फारसं नाही.

शिवाय मी गेले ते साल बरं होतं. कोविडनंतर हॉटेलांना माणसं मिळत नव्हती, त्यामुळे परदेशातून बोलावण्याची मालकांची तयारी होती. आज तेवढ्याच सहजपणे करार येईल असं मी म्हणणार नाही. ज्यांचे आजी-आजोबा 1961 आधी गोव्यात जन्मले त्यांना पोर्तुगीज पासपोर्टचा वेगळा मार्ग असतो, त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नका. तुम्हाला करारच लागेल.

मी पुढे त्या मोठ्या हॉटेलात परत गेले नाही. मार्चमध्ये त्यांचा फोन आला होता. खाणावळीचा करार तोवर बिनमुदतीचा झाला होता, म्हणून नाही म्हटलं. तुम्ही अर्ज पाठवाल तेव्हा मोठ्या हॉटेलांबरोबर फारो, ओल्यांव, ताविरा, पोर्तिमांव इथल्या वर्षभर चालणाऱ्या जागांनाही पाठवा, पोर्तुगीजमध्ये लिहून. नागपूरच्या माणसाला मासे साफ करता येतात का असं ते विचारतील. पुण्यातल्या किचनमध्ये सुट्टीच्या दिवशी जाऊन ते आत्ताच शिकून घ्या.