रोजची पंधरा मिनिटांची टीम मीटिंग खरोखर उपयोगी असते का?
असते; मात्र ती वरिष्ठांपुढे हजेरी लावण्यासाठी नसून कोणाचे काम कोठे अडले आहे हे टीमला त्याच दिवशी कळावे यासाठी असली पाहिजे. सॉफ्टवेअरमधील एखादा बदल तपासणीसाठी सहकाऱ्याकडे पडून आहे आणि त्यामुळे चाचणी करणारा खोळंबला आहे, ही गोष्ट येथे अर्ध्या मिनिटात उघड होते, तर ईमेलवर तिला सहज दोन दिवस लागतात. स्क्रम या, सॉफ्टवेअर टीममध्ये रूढ असलेल्या, काम टप्प्याटप्प्याने करण्याच्या पद्धतीत या बैठकीला १५ मिनिटांची मर्यादा आहे. काल काय केले, आज काय करणार आणि अडचण कोणती, हे तीन ठरावीक प्रश्न २०२० च्या स्क्रम मार्गदर्शिकेतून वगळण्यात आले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण त्यांची उत्तरे बहुधा पाठ म्हटल्यासारखी दिली जात. तपशिलाची चर्चा संबंधितांनी नंतर करावी.