एक डोळा धूसर, एक लख्ख

प्रश्न : आजोबांचा स्टिरिओ रिअलिस्ट, म्हणजे दोन लेन्सनं त्रिमितीय फोटो काढणारा कॅमेरा माळ्यावर सापडला. डाव्या लेन्समध्ये पांढरे धागे दिसतात, उजवी स्वच्छ आहे. एक रोल भरून फोटो काढले, पण दोन्ही डोळ्यांनी बघायच्या व्ह्यूअरमधून पाहिलं की डोकं दुखतं. डावी लेन्स बदलून घेऊ का? (वाचक, धरमपेठ)

उत्तर : बदलायच्या भानगडीत पडू नका. मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीनं १९४७ ते १९७१ या काळात हा कॅमेरा बनवला. त्यातल्या लेन्स जोडी जुळवून बसवलेल्या असतात. दुसऱ्या कॅमेऱ्यातली आणून लावाल तर फोकल लांबीतल्या बारीकशा फरकानंही एक चित्र मोठं येतं, म्हणजे डोकेदुखीत भरच. साध्या कॅमेऱ्यात जराशी धूसर लेन्स खपून जाते. इथं दोन डोळ्यांना वेगवेगळं दिसलं की मेंदू भांडतो. माझ्याकडे असा कॅमेरा आला की लेन्स चांगल्या आहेत का हे मी नंतर बघतो, आधी बघतो सारख्या आहेत का.

धागे म्हणजे बुरशी. नागपुरात ती पावसाळ्याचीच वाट पाहते असं नाही. भर मे महिन्यात खसचा कूलर चालू असलेल्या खोलीतलं कपाटही दमट असतं. त्यातून चामडी केस म्हणजे बुरशीचं माहेरघर!

मागचं झाकण उघडा, अ‍ॅपर्चर पूर्ण मोकळं करा, शटर ‘बी’वर (दाबलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) ठेवून दाबून धरा आणि मागून टॉर्च मारा. धागे बाहेरच्या काचेवर असतील तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समभाग, लागेल तेवढंच, खिडकी उघडी ठेवून मिसळा. हे मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका. कापसाचा बोळा जेमतेम ओला करून हलक्या हातानं फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. धागे आत असतील तर स्वतः लेन्स खोलू नका. रिअलिस्टमध्ये फोकस करताना लेन्स हलत नाहीत, मागची फिल्म पुढेमागे सरकते. त्यामुळे एका लेन्सची बैठक केसभर बदलली तरी फोकसची चकती तिला सावरू शकत नाही. कारागिराकडून परत आल्यावर फिल्मच्या जागी दोन्हीकडे बटर पेपर ताणून लावा आणि अंबाझरीच्या पल्याडची झाडं दोन्ही चौकटींत सारखी रेखीव दिसतात का ते पाहा.

बुरशीनं काच खाल्ली असेल तर डाग जाणार नाहीत. मग ऊन पाठीशी घ्या, दोन्ही लेन्सवर सावली धरा. उरलेला फरक स्कॅन केल्यावर ‘स्टिरिओ फोटो मेकर’ या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवा, खालीवर झालेली चित्रंही त्यात सरळ होतात.

प्रश्न : रशियन ‘स्पुतनिक’ या स्टिरिओ कॅमेऱ्याच्या फोटोंवर पांढुरकी झाक येते. लेन्स गेली का? (वाचक, कामठी)

उत्तर : लेन्स बिचारी निर्दोष असते बहुतेकदा. आतल्या बेकेलाइटच्या चकचकीत भिंतींवरून उजेड परततो. तिथं काळा मखमली कागद चिकटवा. लव गळणारा मात्र नको, आणि रोल सरकायची वाट मोकळी ठेवा.