नऊ वाजताच्या फोनवर आई काय बोलली?

पत्र:

माझी आई 71 वर्षांची आहे, साताऱ्यात एकटी राहते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. गेल्या महिन्यात तिला फोन आला की तुमच्या आधार कार्डावर घेतलेल्या सिमवरून गुन्हे झालेत, दोन तासांत नंबर बंद होणार. मग तो फोन ‘मुंबई क्राइम ब्रँच’ला जोडून दिला. नातीशी बोलायला आम्ही घेऊन दिलेल्या टॅबवर व्हिडिओ कॉल, गणवेशातला माणूस, अटकेचं वॉरंट, त्यावर सुप्रीम कोर्टाचा शिक्का. ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट झाली आहे’ म्हणून दोन दिवस तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बँकेत जाऊन 3 लाख 40 हजार रुपये आरटीजीएस केले. दुपारी एफडी मोडायला परत गेली, तेव्हा काउंटरवरच्या बाईंना शंका आली. त्यांनी तिला आत बसवून मला फोन केला. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार लगेच केली, काही रक्कम गोठवली गेली आहे. मधल्या रात्री नऊला मी रोजच्यासारखा फोन केला होता, तेव्हा ती नेहमीसारखीच बोलली, काही जाणवलं नाही. एवढी शिकलेली बाई अशी कशी फसते? आता तिचा स्मार्टफोन काढून साधा फोन द्यायचा आणि एफडी माझ्या नावावर वळवून घ्यायची, असं मी ठरवलंय. ती वाद घालत नाही, नुसती हो म्हणते. असे फोन ओळखायच्या खुणांची यादी दिलीत तर फ्रिजवर लावता येईल.

– काळजीत असलेला मुलगा

उत्तर:

काळजीत असलेल्या मुला,

वॉरंट, शिक्का, गणवेश हे सगळं वाचलं. ते आता घरोघरी सारखंच असतं, त्यात नवीन काही नाही. मी अडकले ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर. मधल्या रात्री तुम्ही फोन केलात आणि आई नेहमीसारखी बोलली.

ती रात्र जरा डोळ्यांसमोर आणा. टेबलावर टॅब उभा आहे, त्यात एक माणूस तिच्यावर नजर ठेवून बसलाय. दिवसभर तिला आंघोळीला जातानाही विचारून जावं लागलंय. नऊ वाजता मोबाइल वाजतो, तुमचं नाव दिसतं. या टोळ्यांची पद्धत ठरलेली असते. मुलाचा फोन उचलू नका असं ते सांगत नाहीत, कारण उचलला नाही तर मुलगा शेजाऱ्यांना पाठवील. ते सांगतात, स्पीकरवर घ्या आणि रोजच्यासारखं बोला. म्हणजे त्या रात्री तुमच्या फोनवर बहुधा तुम्ही दोघंच नव्हतात. आणि तिसऱ्या माणसाला चिंता वाटावी असं त्या फोनमध्ये काहीही नव्हतं.

तुमचा रोजचा फोन कसा असतो, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण मला अंदाज आहे. जेवलीस का. गोळ्या घेतल्यास का. दार नीट लावलंस ना. बरं, झोप आता. ही हजेरी झाली. आयुष्यभर वर्गात हजेरी घेतलेल्या बाईला ‘हजर’ म्हणायला कितीसं अवघड? डोक्यावर अटकेची तलवार असतानाही तिने ती दिली, आणि तुम्ही ‘काही जाणवलं नाही’ म्हणून फोन ठेवलात. माणूस ओलीस असताना ज्यातून सहज पार पडू शकतो, असा फोन तुम्ही रोज करता आहात. मला काळजी त्याची वाटते. आईच्या शिक्षणाची अजिबात नाही.

‘शिकलेली बाई अशी कशी फसते’ हे तर तुम्ही सोडूनच द्या. 2024 मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना अशाच टोळीने 7 कोटी रुपयांना फसवलं. वय 82, सगळा जन्म व्यवसायात गेलेला. त्यांच्यासाठी तर व्हिडिओवर सुप्रीम कोर्टाची अख्खी सुनावणी उभी केली होती, खोट्या सरन्यायाधीशांसकट. अशा माणसाची अक्कल काढायची हिंमत तुमच्यात आहे का? मग आईची का काढता? उलट नियमाने वागणारी, सरकारी कागदाला मान देणारी, आयुष्यात कधी पोलीस स्टेशनची पायरी न चढलेली माणसंच या सापळ्यात लवकर सापडतात. आपलं नाव खराब होईल या भीतीवर तर तो सगळा खेळ चालतो. ज्याला नावाची पर्वा नाही, तो पहिल्याच मिनिटाला शिवी देऊन फोन आपटतो.

यादी मी देणार नाही, आणि त्यामागे कारण आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलं की डिजिटल अरेस्ट अशी कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. त्यानंतर कितीतरी महिने कुणालाही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीची सूचना ऐकावी लागायची, आपण सगळेच वैतागलो होतो. तुमच्या आईनेही ती ऐकली असणारच. माहिती तिच्याकडे होती. वेळेला ती आठवली नाही, कारण समोरच्याने तिला विचार करायला उसंतच दिली नाही आणि दुसऱ्या कुणाशी बोलायलाही मनाई केली. फ्रिजवरची यादी त्या दोन दिवसांतही फ्रिजवरच राहिली असती.

यादीऐवजी एकच गोष्ट सांगते, आणि ती कायद्यातली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार खऱ्या पोलिसाने कुणाला अटक केली तर ती अटक त्याला नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावीच लागते. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. पोलिसाच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला, अपवादात्मक प्रसंग सोडला तर, अटक करता येत नाही. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं चालणार नाही, हेही सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना बजावलं आहे. आता यातलं पहिलं वाक्य परत वाचा. खरा पोलीस घरी कळवतो. कळवलं नाही तर तोच अडचणीत येतो. जो म्हणतो ‘घरी सांगू नका, राष्ट्रीय गुपित आहे’, तो चोर. फोन दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नावाने येवो, कुरिअरच्या, बँकेच्या नाहीतर सीबीआयच्या, अशा फोनमध्ये हे वाक्य फिरून फिरून येतंच. बाकीच्या खुणा दर महिन्याला बदलतील. आवाज बदलतील, नंबरही भारतातलाच दिसेल. हे वाक्य त्यांना सोडता येत नाही, कारण आईने तुम्हाला एक फोन केला असता तर त्यांचा धंदा तिथेच बसला असता.

पण तिने तो केला नाही. फोन हातात होता, रात्री नऊला तुम्ही पलीकडे होतात, तरी सांगितलं नाही. भीती होती, मान्य. पण दोन दिवसांत एखादी चिठ्ठी, एखादा अडखळता शब्द, ‘उद्या ये रे’ एवढंसं तरी? तेही नाही. का, हे तुम्ही तिला विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. बँकेतल्या बाईंनी तिला आत बसवून विचारलं. त्या परक्या, समोर रांग लागलेली, तरी त्यांना तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं.

आता तुमच्या बंदोबस्ताकडे येते. साधा फोन? पहिला फोन साधाच होता, तो कुठल्याही डबड्यावर आला असता. पैसे तिने स्वतः बँकेत जाऊन भरले, ॲपवरून नाही. मग स्मार्टफोन काढून नेमकं काय थांबणार? थांबेल ते नातीचे फोटो, भजनाचा ग्रुप आणि दोन मैत्रिणी. म्हणजे ती अजून एकटी. या टोळ्यांना याहून चांगलं गिऱ्हाईक कोणतं?

आणि एफडी. लिहिताना तुम्हाला ऐकू आलं नाही का हो? ‘तुमचे पैसे आमच्या खात्यात वळवा, तुमच्याच भल्यासाठी आहे, सुरक्षित राहतील.’ हे तिने याच महिन्यात एकदा ऐकलंय. तेव्हाही ती हो म्हणाली होती, आताही हो म्हणते आहे. त्या ‘हो’ला तुम्ही संमती समजू नका. दोन दिवस धाक दाखवून तिच्याकडून हो वदवून घेतलं गेलं, ती सवय अजून अंगातून गेलेली नाही. तुमचा हेतू शुद्ध आहे, मला माहीत आहे. पण एफडी तिच्याच नावावर राहू द्या. फार वाटलं तर बँकेत दोघांनी मिळून जावं आणि मोठी रक्कम हलवायची झाली तर काय सोय करता येईल ते त्यांना विचारावं, आणि तेही तिने विचारावं, तुम्ही मागे उभं राहावं.

तर करायचं काय? एकच. नऊ वाजताचा फोन बदला.

आज फोन कराल तेव्हा तिला एकही प्रश्न विचारायचा नाही. जेवण नाही, गोळ्या नाहीत, दार नाही. तुमचं सांगायचं. ऑफिसात काय बिनसलंय, बायकोशी कशावरून वाजलं, मुलीच्या शाळेचं काय अडलंय, कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे का. खरं असेल ते आणि वाईट असेल ते. आईला आपली अडचण शेवटची केव्हा सांगितलीत, आठवा बघू. बहुधा कॉलेजात. त्यानंतर तुम्ही तिला फक्त ‘सगळं मजेत’ ऐकवत आलात, तिला काळजी नको म्हणून. तीही तुम्हाला तेच ऐकवत आली. अशा घरात ज्याच्यावर खरोखर संकट येतं, त्याला तोंड उघडायला जागाच नसते. ज्याला सगळं नीट चाललंय तेच ऐकायची सवय आहे, त्याला ‘मला अटक झाली’ हे कसं सांगायचं?

पहिल्या दिवशी ती बिथरेल. म्हणेल, आज काय झालं तुला? सांगत राहा. एखादा दिवस तुम्हीही कधीतरी फसला असाल तो किस्सा काढा. जुन्या गाडीचा व्यवहार असेल, नोकरीसाठी कुणाला दिलेले पैसे असतील, एखादी लिंक असेल. नसेलच असं काही तर तुम्ही भाग्यवान, किंवा विसरभोळे. ती हसली की जिंकलात. तोपर्यंत तिच्याकडून त्या दोन दिवसांची गोष्ट मागू नका. ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका, आणि ‘अगं पण तुला कळलं कसं नाही’ हे शब्द तर गिळूनच टाका. आणि ही गोष्ट तिच्यासमोर लग्नाकार्यात, नातेवाइकांत चघळायची नाही, गमतीनेही नाही. बहीणभाऊ, काका, वहिनी, जे कुणी आतापासूनच ‘वन्स, आता जरा सांभाळून हं’ करत असतील, त्यांनाही हे सांगायचं काम तुमचं.

घाई का करते आहे, तेही सांगते. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर या धंद्यात पुढे विकला जातो. थोड्या दिवसांनी तिला फोन येऊ शकतो की आम्ही सायबर विभागातून बोलतोय, तुमचे गेलेले पैसे सापडलेत, सोडवायला तेवढी फी भरा. वकील म्हणून येईल, रिझर्व्ह बँकेचा अधिकारी म्हणूनही येईल. मुलासमोर गेलेली पत परत मिळवायला टपलेल्या बाईला तो फोन फार गोड वाटतो. पैसे परत आले तर मुलगा परत मानाने बघेल, असं तिला वाटलं तर ती हाही फोन तुम्हाला सांगणार नाही.

गोठवलेल्या रकमेचं काम रीतीने चालेल, त्याला वेळ लागतो. तक्रारीचा क्रमांक आणि आरटीजीएसची पावती आईच्याच फाइलला ठेवा. पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात जावं लागेल तेव्हा रजा काढून तिच्यासोबत जा, बोलू तिला द्या. तारखा तिला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतील. आणि बँकेतल्या त्या बाईंना भेटायलाही दोघं जा. त्यांनी आईला नेमकं काय विचारलं म्हणून ती बोलती झाली, ते त्यांच्याकडून समजून घ्या.